पेट्रोकेमिकल कारखान्याच्या शेजारी: वासाच्या तक्रारीपासून हवेच्या मोजणीपर्यंत

आमची वस्ती आणि पेट्रोकेमिकल कारखान्याचे कुंपण यांच्यामध्ये एक रस्ता, एक नाला आणि झाडांची विरळ रांग एवढेच अंतर आहे. कारखान्याविषयी वस्तीत तक्रारी नव्हत्या असा काळ मला आठवत नाही. परंतु त्या तक्रारी बहुतेक वेळा संध्याकाळच्या गप्पांत सुरू होऊन तिथेच विरून जात. कोणी रात्रीच्या उग्र वासाबद्दल बोले, कोणी फ्लेअरच्या, म्हणजे जादा वायू जाळणाऱ्या उंच ज्योतीच्या, उजेडाने आणि घरघराटाने मोडलेल्या झोपेबद्दल, कोणी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या काजळीबद्दल. आणि कोणाच्या घरी कर्करोगाचे निदान झाले की या सगळ्याच्या तळाशी असलेली भीती काही दिवस उघडपणे बोलली जाई. पुढे आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून हे सारे नोंदवायचे, मोजायचे आणि त्याविषयी लेखी उत्तर मागायचे असे ठरवले. त्यात काय घडले, काय समजले आणि काय अजून हाती आलेले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे. अशाच कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या इतरांना त्याचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिली अडचण वस्तीतच उभी राहिली. आमच्यातल्या कितीतरी घरांची चूल याच कारखान्यावर पेटते. कोणी कायम नोकरीत आहे, कोणी कंत्राटदाराकडे आहे, कोणाची वाहने तिथल्या मालवाहतुकीला लागलेली आहेत. पहिल्या बैठकीत एक ज्येष्ठ शेजारी उठून म्हणाले, "तुम्ही तक्रार कराल आणि उद्या माझ्या मुलाचा गेटपास बंद होईल, त्याचे काय?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही चटकन देता येईल असे उत्तर नव्हते, आणि तो प्रश्न बाजूला सारून पुढे जाणे मला अन्यायाचे वाटले. बऱ्याच चर्चेनंतर दोन गोष्टी ठरल्या. कोणत्याही नोंदीवर व्यक्तीचे नाव घालायचे नाही, फक्त घरांचा गट लिहायचा. आणि कारखाना बंद करा अशी मागणी न करता माहिती, मोजमाप आणि दुरुस्ती या तीनच गोष्टी मागायच्या. आतल्या हवेत आठ तास काढणाऱ्या कामगाराला आमच्यापेक्षा जास्त धोका आहे, हेही आम्ही आमच्या पहिल्या पत्रात लिहिले. त्यानंतर कामगारांच्या घरांतूनच आम्हाला सर्वांत उपयोगी माहिती मिळत गेली.

त्या पत्राला प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडून आलेले उत्तर थोडक्यात असे होते की, तपासणीच्या वेळी सर्व घटक विहित मर्यादेत आढळले. या उत्तरात खोटे काही असेल असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मात्र तपासणी भर दुपारी झाली होती, वारा वस्तीकडून कारखान्याकडे वाहत होता आणि नमुना मुख्य प्रवेशद्वाराजवळ घेतला होता. शिवाय ज्या घटकांची नावे अहवालात होती ती धूळ, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे अशी कोणत्याही चिमणीजवळ मोजली जाणारी होती. पेट्रोकेमिकल कारखान्यातून निसटणाऱ्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचा, म्हणजे सहज वाफ होऊन हवेत मिसळणाऱ्या कार्बनी रसायनांचा, त्यात उल्लेखही नव्हता. घटक कोणता, जागा कोणती, नमुना किती तासांचा आणि वारा कुठला, हे विचारल्याशिवाय "मर्यादेत" या उत्तरावरून काहीच ठरवता येत नाही, हे त्या कागदामुळे आमच्या लक्षात आले. पुढचे सारे काम या चार प्रश्नांभोवतीच फिरले.

नोंदवहीची कल्पना साधी होती, पण ती शिस्तीने चालवणे सोपे गेले नाही. वास आला की तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, घरांचा गट, वासाचा प्रकार, शून्य ते पाच या मापावर त्याची तीव्रता, वाऱ्याची दिशा, फ्लेअरची स्थिती आणि कोणाला काही त्रास झाला असल्यास तो, इतके लिहायचे. वाऱ्यासाठी आम्ही काही गच्च्यांवर काठीला हलक्या कापडाची फीत बांधली; रात्री टॉर्चच्या उजेडातही तिच्यावरून दिशा कळे. वासासाठी सर्वांना समजतील असे शब्द ठरवले: सडक्या अंड्यासारखा, कुजलेल्या कोबीसारखा, पेट्रोलसारखा गोडसर, जळक्या प्लास्टिकचा, ताज्या रंगाचा. सर्वांत कठीण गेले ते वास नसलेल्या रात्रींची नोंद ठेवणे. त्रास झाला की माणूस लिहितो, शांत रात्री कोणी वही उघडत नाही. परंतु वास नसल्याच्या नोंदी हाताशी नसतील तर कोणत्या वाऱ्यात वास येतो हे दाखवताच येत नाही. हे काम प्रामुख्याने वस्तीतल्या गृहिणींनी आणि महाविद्यालयीन मुलींनी निभावले. त्यांच्या नोंदींइतका नेटका कागद मी नंतर या प्रकरणात कोणत्याही कार्यालयात पाहिला नाही.

काही महिन्यांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले. बहुतेक नोंदी मध्यरात्रीपासून सूर्योदयानंतरच्या तासाभरापर्यंतच्या होत्या, आणि त्या वेळी वारा अगदी मंद आणि कारखान्याकडून वस्तीकडे होता. यावरून वस्तीतल्या पुष्कळांचा असा पक्का समज झाला की, लोक झोपल्यावर मुद्दाम वायू सोडला जातो. आम्हाला मदत करणाऱ्या एका विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापिकांनी यावर थोडे थांबायला सांगितले. स्वच्छ आकाशाच्या आणि मंद वाऱ्याच्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो; अशा वेळी खालची हवा वर मिसळत नाही, आणि दिवसा पसरून विरळ होणारे तेच उत्सर्जन रात्री जमिनीलगत साचून राहते. म्हणजे रात्री काही वेगळे सोडले जात नसेल, तरीही आपल्या श्वासात रात्री जास्त येत असेल. हे ऐकून काही जण नाराज झाले, पण आमची मागणी त्यामुळे अधिक अचूक झाली: मोजणी रात्रीही झाली पाहिजे, आणि वाऱ्याची नोंद तिच्यासोबत असली पाहिजे.

वास आणि धोका यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे समजून घेणे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण वस्तीची सारी भीती वासाला जोडलेली होती. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे काही मोजकेच भाग असले तरी नाकाला तो कळतो. त्या पातळीवर तो त्रासदायक असतो, पण लगेच घातक नसतो. उलट त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० च्या आसपास गेले की वास कळणेच बंद होते, आणि तिथून तो प्राणघातक होऊ लागतो. बेन्झीनची गोष्ट आणखी गंभीर आहे. युरोपीय संघात आणि भारतातही बेन्झीनची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम आहे. माणसाच्या नाकाला मात्र बेन्झीन कळते ते त्याच्या शेकडो पट प्रमाण झाल्यावर. इथिलीन ऑक्साइड तर आणखी कितीतरी जास्त झाल्याशिवाय नाकाला जाणवत नाही. बेन्झीन, १,३-ब्युटाडाईन, व्हिनाइल क्लोराइड आणि इथिलीन ऑक्साइड या चारही पदार्थांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. म्हणून वास नसलेली रात्र सुरक्षित आणि वासाची रात्र विषारी, अशी वाटणी करता येत नाही. तरीही आमची नोंदवही वाया जात नव्हती. कारखान्यातली हवा आमच्यापर्यंत केव्हा आणि कोणत्या वाटेने पोहोचते हे ती सांगत होती, आणि वास येणाऱ्या वायूंसोबत वास न येणारेही त्याच वाटेने येणार हे उघड होते.

कारखान्याच्या आत काय चालते याची समज आम्हाला दिली ती एका निवृत्त ऑपरेटरने. वस्तीत सगळे त्यांना काका म्हणतात. कच्च्या तेलापासून मिळणारा नॅफ्था किंवा इथेन वायू वाफेसोबत ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून त्याचे रेणू तोडले की इथिलीन, प्रोपिलीन, ब्युटाडाईन आणि बेन्झीनयुक्त द्रव कसे मिळतात, हे त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून समजावले. फ्लेअरविषयी त्यांचे म्हणणे आमच्या समजुतीच्या अगदी उलट होते. ते म्हणाले, "फ्लेअर पेटलेली दिसली म्हणून घाबरू नका. दाब वाढला की वायू तिकडे वळवून जाळायचा असतो, त्यासाठीच ती आहे. ती विझलेली असताना वायू सुटला, तर घाबरायचे." काळा धूर येतो तेव्हा ज्वलनाला हवा आणि वाफ कमी पडत असते, पण धूर दिसू नये म्हणून वाफ गरजेपेक्षा जास्त सोडली तर ज्योत थंड पडते आणि वायू न जळताच निसटतो, आणि हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. नीट चालणारी फ्लेअर साधारण ९८ टक्के वायू जाळते असे हिशेबात धरले जाते. ती नीट चालली का, हे ठरवायला ज्योतीकडे जाणाऱ्या वायूचा आणि वाफेचा प्रवाह मोजावा लागतो. धूर नसलेल्या ज्योतीकडे पाहून निर्धास्त होण्याची आमची सवय त्या दिवशी गेली.

काकांनी दाखवलेली दुसरी बाब अधिक महत्त्वाची ठरली. आमचे सगळ्यांचे लक्ष उंच चिमण्यांकडे आणि फ्लेअरकडे असे, पण अशा कारखान्यातला बाष्पनशील संयुगांचा मोठा वाटा जमिनीलगतच निसटतो: हजारो व्हॉल्व्ह, फ्लँज (नळ जोडणारे सांधे) आणि पंपांच्या सीलमधून, साठवण टाक्यांच्या तरंगत्या छपरांच्या कडांमधून, टँकर भरताना आणि सांडपाण्याच्या उघड्या टाक्यांवरून. यांतली प्रत्येक गळती क्षुल्लक असते आणि ती सहसा मोजलीही जात नाही. प्रमाणित गुणांकांवरून तिचा अंदाज काढून अहवालात लिहिला जातो. हा अंदाज किती चुकू शकतो याचे ठळक उदाहरण टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनचे आहे. २००० साली तिथल्या औद्योगिक पट्ट्यावरून संशोधन-विमानांनी हवेची मोजणी केली, तेव्हा इथिलीन आणि प्रोपिलीन यांचे उत्सर्जन उद्योगांच्या नोंदींपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असल्याचे दिसले. त्यामुळे कारखान्याच्या अधिकाऱ्यांशी आमची पहिली बैठक झाली तेव्हा आम्ही चिमणीबद्दल फारसे विचारलेच नाही. गळती शोधून दुरुस्त करण्याचा कार्यक्रम आहे का, त्यात किती सांधे येतात, दुरुस्ती किती दिवसांत होते आणि त्याचा सारांश वस्तीला मिळेल का, असे आम्ही विचारले. समोरचे पर्यावरण अधिकारी क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, "हे प्रश्न आम्हाला आजवर बाहेरून कोणी विचारले नव्हते." बैठकीचा सूर तिथून बदलला, हे मला मान्य केलेच पाहिजे. त्यांनी लगेच काही दिले नाही. परंतु आम्हाला भावनेच्या भरात आलेले लोक म्हणून वागवणे थांबले.

मोजणीसाठी आम्ही जी पद्धत निवडली ती अमेरिकेत तेलशुद्धीकरण कारखान्यांना २०१५ च्या नियमाने बंधनकारक झालेली आहे. कारखान्याच्या कुंपणाभोवती ठरावीक अंतरांवर शोषक पदार्थ भरलेल्या नळ्या दोन-दोन आठवडे टांगून ठेवायच्या, प्रयोगशाळेत त्यांतले बेन्झीन मोजायचे, आणि सर्वांत जास्त आकड्यातून सर्वांत कमी आकडा वजा करायचा. म्हणजे रस्त्यावरच्या वाहनांमुळे सगळीकडेच असणारे बेन्झीन बाजूला निघते आणि कारखान्याची भर तेवढी उरते. या फरकाची वार्षिक सरासरी प्रति घनमीटर ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की कारण शोधून दुरुस्ती करणे कारखान्यावर बंधनकारक होते. २०२४ साली हीच कल्पना तिथल्या रासायनिक कारखान्यांसाठी आणि बेन्झीनसह सहा पदार्थांसाठी नियमरूपाने जाहीर झाली. या पद्धतीचे मोठेपण असे की, गळती आत कुठे आहे हे बाहेरच्या माणसाला ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. कुंपण ओलांडून काय बाहेर येते तेवढेच ती विचारते. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या शुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या रहिवाशांनी प्लास्टिकच्या बादलीत विशिष्ट पिशवी बसवून वास येईल त्या क्षणी हवा पकडायला सुरुवात केली होती, आणि ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली.

नळी हातात घेईपर्यंत मला ते काम अवघड वाटत होते. साधारण नऊ सेंटिमीटर लांबीची, जवळपास पेन्सिलीएवढ्या जाडीची अशी ती पोलादी नळी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पितळी टोपण घट्ट बसवलेले असते. प्राध्यापिकांनी आधी हातमोजे घालायला लावले, कारण हातावरच्या मलमाचा किंवा सॅनिटायझरचा अंशही आत जाता कामा नये. मग एका टोकाचे टोपण काढून त्या जागी बारीक जाळीची टोपी बसवायची, नळीवरचा क्रमांक आणि वेळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती वहीत लिहायची, आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून छोट्या छत्राखाली नळी तोंड खाली करून डोक्याएवढ्या उंचीवर टांगायची. स्वयंपाकघराची खिडकी, जनरेटर, वाहनतळ आणि धूम्रपानाची जागा टाळायची. काही नळ्या तिथपर्यंत नेऊनही न उघडता परत आणायच्या. प्रवासात काही मिसळले नाही ना, हे त्यांवरून तपासले जाते. कारखान्याच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे वारा आमच्याकडे येतो तेव्हा कारखान्याच्या आधी लागणाऱ्या जागी, एका परिचितांच्या गच्चीवरही आम्ही नळ्या लावल्या. ही एक जागा नसती तर आमच्या साऱ्या आकड्यांना "हे रस्त्यावरच्या वाहनांचे आहे" एवढ्या एका वाक्यात उत्तर मिळाले असते.

निकाल आले तेव्हा वस्तीत दोन्ही टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. बहुतेक जागांवरचे आकडे फार मोठे नव्हते, आणि ज्यांना मोठ्या आकड्यांची खात्री होती त्यांना ते पटेना. टाक्यांच्या आणि सांडपाणी प्रक्रियेच्या बाजूच्या दोन जागांवर मात्र, वारा आमच्याकडे असलेल्या पंधरवड्यांत, पलीकडच्या गच्चीपेक्षा बेन्झीन स्पष्टपणे जास्त होते, आणि नोंदवहीतल्या गोडसर वासाच्या नोंदीही त्याच गटांच्या होत्या. प्राध्यापिकांनी दोन सावधगिरीच्या सूचना दिल्या. पंधरा दिवसांच्या आकड्याची वार्षिक मर्यादेशी थेट तुलना करायची नाही, हे एक. आणि पंधरा दिवसांच्या सरासरीत दोन तासांचा झोत बुडून जातो, हे दुसरे. दुसरी गोष्ट आम्हा सर्वांना फार लागली. ज्या रात्री मुलांना उलट्या झाल्या, डोळे चुरचुरले, दारे-खिडक्या बंद करून बसावे लागले, ती रात्र त्या आकड्यात वेगळी दिसतच नव्हती. तरीही आम्ही निकाल जसे होते तसे, कमी आलेल्या आकड्यांसह, कारखान्याला आणि नियंत्रण यंत्रणेला दिले. त्यानंतर कारखान्याने त्या बाजूची तपासणी इन्फ्रारेड कॅमेऱ्याने केली. डोळ्यांना न दिसणारी हायड्रोकार्बनची वाफ त्या कॅमेऱ्यात धुरासारखी दिसते. एका टाकीच्या तरंगत्या छपराचे सील खराब झाल्याचे आढळले आणि ते बदलण्यात आले.

आरोग्याचा प्रश्न याहून कितीतरी अवघड होता. आमच्या गल्लीतल्या एका ताईंच्या घरी रक्ताचा कर्करोग झाला होता, आणि त्यांनी आरोग्य शिबिरात आलेल्या डॉक्टरांना सरळ विचारले, "हे कारखान्यामुळे झाले की नाही, तेवढे सांगा." डॉक्टरांनी त्यांना टाळले नाही. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे कामगारांवरील अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. परंतु एका व्यक्तीच्या बाबतीत कारण कोणते हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, आणि काही शे घरांच्या वस्तीत रुग्णांची संख्या इतकी कमी असते की योगायोग आणि परिणाम यांत फरक करणे संख्याशास्त्राला जमत नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. शिवाय असे आजार बहुधा अनेक वर्षांनी प्रकट होतात, आणि तोवर माणसे घरे बदलतात. ताई ऐकून घेऊन गप्प बसल्या. मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट ठामपणे वाटते: आजार सिद्ध करून दाखवा, मग उपाय करू, ही अट कोणत्याही वस्तीवर घालणे अन्यायाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बेन्झीनसाठी कोणतीही सुरक्षित पातळी सुचवता येत नाही असे म्हटले आहे. त्यामुळे संपर्क कमी करणे हेच काम उरते, आणि ते रुग्ण मोजून झाल्यावर सुरू करायचे नसते. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज ते न्यू ऑर्लीन्स या मिसिसिपी नदीकाठच्या सुमारे १३५ किलोमीटरच्या, पेट्रोकेमिकल कारखान्यांनी भरलेल्या पट्ट्यातले लोक गेली कित्येक दशके नेमकी हीच मागणी करत आले आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही दमा, डोकेदुखी आणि डोळ्यांची जळजळ यांची नोंद वासाच्या नोंदीसोबत ठेवू लागलो, कारण तात्काळ होणारा त्रास तरी वेळेशी जोडता येतो.

रोजच्या हवेपेक्षा एका दिवसाच्या अपघाताची धास्ती आमच्यातल्या वयस्कर मंडळींना अधिक होती, आणि त्याला कारणे आहेत. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही रसायनाच्या गळतीनंतर झालेल्या स्फोटात २८ कामगार मृत्युमुखी पडले आणि परिसरातल्या शेकडो घरांची हानी झाली. तो शनिवार होता म्हणून आत माणसे कमी होती. १९७६ साली इटलीतल्या सेवेसो परिसरात डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाने युक्त वायू बाहेर पडला, आणि सर्वाधिक बाधित भागातून लोकांना हलवेपर्यंत दोन आठवडे गेले. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला लोक मध्यरात्री घराबाहेर पडून धावले, तेव्हा कोणता वायू आहे आणि कुठल्या दिशेला पळायचे हे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ स्टायरीन या प्लास्टिक बनवण्याच्या रसायनाची गळती झाली. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत शेजारच्या वस्तीत शिरली. या घटनांनंतर कायदे झाले: युरोपात १९८२ चा सेवेसो निर्देश, अमेरिकेत १९८६ चा आपत्कालीन नियोजन आणि माहितीच्या हक्काचा कायदा, भारतात घातक रसायनांविषयीचे १९८९ चे आणि रासायनिक अपघातांविषयीचे १९९६ चे नियम. कारखान्यात कोणती घातक रसायने आहेत आणि अपघात झाल्यास काय करायचे, हे शेजाऱ्यांना आधी कळले पाहिजे, हा विचार या सर्वांत आहे. आमच्या वस्तीत तोवर एकाही घराला हे ठाऊक नव्हते.

आम्ही कारखान्याकडे आणि प्रशासनाकडे कुंपणाबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची प्रत मागितली, आणि पुष्कळ पत्रव्यवहारानंतर तिचा वस्तीपुरता सारांश मिळाला. मग सराव झाला. भोंगा वाजला तेव्हा नाल्याच्या उताराकडच्या घरांना, दारे-खिडक्या बंद असल्यामुळे, तो ऐकूच आला नाही. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना बाहेर कसे न्यायचे याचा विचार आराखड्यात नव्हता. ठरवलेला बाहेर पडण्याचा रस्ता कारखान्याच्या कुंपणालाच लागून होता, आणि वारा आमच्याकडे असताना तोच रस्ता सर्वांत धोक्याचा ठरला असता. विषारी वायू सुटल्यास वाऱ्याच्या दिशेने पुढे पळू नये, वाऱ्याला आडवे जाऊन त्याच्या मार्गातून बाहेर पडावे. आणि बाहेर पडायला वेळ नसेल तर आतल्या खोलीत जाऊन खिडक्या, पंखे आणि एसी बंद करून दाराखालच्या फटी ओल्या कापडाने बुजवाव्यात, हे अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी प्रात्यक्षिकासह शिकवले. आत थांबायचे की बाहेर पडायचे हे रसायनावर आणि गळती किती वेळ चालणार यावर अवलंबून असते, म्हणून दोन्हींसाठी भोंग्याचे वेगळे संकेत हवेत, अशी मागणी त्याच संध्याकाळी कामगारांच्या घरांतल्या बायकांनी लावून धरली. ती मान्य झाली. धोका टळल्याचा तिसरा संकेतही त्यांच्याच आग्रहाने आला.

आज स्थिती अशी आहे. कुंपणावर नळ्या लावण्याचे काम आता कारखाना स्वतः करतो, प्रयोगशाळा तिसऱ्याच संस्थेची आहे, आणि दर पंधरवड्याचे आकडे प्रवेशद्वारावरच्या फलकावर लागतात. शटडाउन किंवा मोठे फ्लेअरिंग ठरलेले असले की आधी मोबाइलवर सूचना येते, आणि अचानक झाले तर कारण नंतर लेखी कळवले जाते. वासाच्या नोंदी कमी झाल्या आहेत, थांबलेल्या नाहीत. ज्या शेजाऱ्यांनी गेटपासचा प्रश्न विचारला होता त्यांचा मुलगा अजून तिथेच काम करतो, आणि गळती-तपासणीच्या बैठकीला कामगारांच्या वतीने तोच येतो. मात्र दोन मोठ्या गोष्टी अडलेल्या आहेत. रात्रीचे झोत टिपायचे असतील तर तासातासाला बेन्झीन आणि ब्युटाडाईन मोजणारे स्वयंचलित यंत्र वस्तीच्या बाजूला हवे. खर्चाचे कारण सांगून त्याला नकार मिळत आहे, आणि एवढ्या मोठ्या उद्योगाच्या बाबतीत ते कारण मला पटत नाही. दुसरी गोष्ट कुंपणालगतच्या मोकळ्या जागेची. तिथे नवी घरे बांधण्याचा प्रस्ताव आहे, आणि ज्या जागी आमच्या नळ्यांनी सर्वांत जास्त आकडा दाखवला ती जागा त्याच आराखड्यात येते. त्या आकड्यांची प्रत आम्ही नियोजन विभागाला दिली आहे. स्वयंचलित यंत्र आणि त्या जागेचे बांधकाम हे दोन्ही विषय पुढच्या संयुक्त बैठकीच्या विषयपत्रिकेवर लेखी घेतले आहेत, आणि तिच्यावर आमची, कारखान्याची आणि नियंत्रण यंत्रणेची अशा तिन्ही बाजूंच्या सह्या आहेत.